थोडंसंच लाल

आलापल्ली, २० जून २००२

जोया,

नावाच्या आधी काही लिहीत नाई. लिहिण्यासारखं ठेवलंच नाई तू.

रोज सकाळी फोनवर मी तुले नद्यांची खबर देते, तेव्हाच हे बोलता आलं असतं. पण माझं एस.टी.डी. बूथ तुले माहीत आहे. एक जण नंबर फिरवते अन् चार जण कान देऊन उभे राह्यतात. त्यात तुझे अब्बा असतातच. आता रफीकचाचासमोर त्यांच्या पोरीले शिव्या देऊ काय? म्हणून लिहून राह्यली.

आपल्या पानाची वाट लावली तू.

इंटरनेटवरचं हे पान आपण दोघींनी वरोऱ्याच्या होस्टेलात केलं होतं, विसरली नसशील तर. कॉलेजात कॉम्प्युटर मिळे अर्धा तास. म्हणून आपण आधी वहीत पेनानं सगळं लिहू, एकमेकीचं तपासू, अन् मंग जाऊन नोटपॅडमध्ये टाईप करू. एक कंस सुटला तर पान बोंबले. पण काय लिहिलं अन् कायले लिहिलं, हे दोघींले ठाव होतं. पावसाळ्यात इथून भामरागडले, एटापल्लीले, सिरोंच्याले निघणाऱ्या माणसाले एकच पाहिजे असते, रस्ता चालू आहे का बंद. मी एस.टी. डेपोच्या लच्छूभाऊले विचारते, पेरमिलीच्या मास्तरले विचारते, भामरागडले फोन लागला तर तिथी विचारते, अन् लिहिते. गावाचं नाव, चालू नाई तर बंद, खबर किती वाजताची. बस. इंग्रजी अक्षरात लिहिते, कारण मराठी फॉन्ट इकडं कोणाजवळ नाई. अहेरीच्या कॅफेत ते पान फटकन उघडे.

तुझ्या नागपूरच्या संस्थेनं पान मागितलं तेव्हा मी खुशीनं दिलं. मले वाटलं जोया आहे तिथी. अन् तू काय केलं? त्या ओढ-ठेव सॉफ्टवेअरात घातलं. चित्र उचललं, ओढलं, ठेवलं, झालं पान! वर नदी हलून राह्यली, खाली ट्रक पळून राह्यला. काल मी अहेरीले गेली होती. पान लावलं, चहा सांगितला, चहा आला, पिऊन झाला, तरी तो ट्रक पुरा आला नव्हता. आतमध्ये उघडून पाह्यलं तर आपली एक ओळ ओळखू येईल तर शपथ. सॉफ्टवेअरनं काय लिहिलं हे तुले तरी ठाव आहे काय वं?

अन् बूथवरच्या माझ्या कॉम्प्युटरवर पान दिसते, पण ते सॉफ्टवेअर चालतच नाई. म्हणजे पाणी इथी चढणार, मी तुले फोन करणार, अन् तू नागपुरात बसून बदलणार. काऊन? माझे हात मोडले काय?

पासवर्ड पाठव. पान मले वापस पाहिजे. बाकी तुझा ट्रक तू ठेव.

संघप्रिया


आलापल्ली, ९ जुलै २००२

जोया,

पत्र मिळालं. पासवर्ड नाई मिळाला. वरून उपदेश मिळाला.

"संघा, जग कुठे चाललं आहे आणि तू अजून नोटपॅडमध्ये अडकली आहेस." असं लिहिते तू. 'अडकली आहेस'! सहा महिन्यांत भाषा बी नागपूरच्या पलीकडं गेली काय? आईले वाचून दाखवलं. आई म्हणते, हे आपली जोया नोय, दुसरीच कोणी पोट्टी आहे.

पण मंग खालचं वाचलं. तू लिहिलं का हे रंग अब्बासाठी केले. अब्बाले उर्दूशिवाय वाचता येत नाई. इंग्रजी अक्षरातलं चालू-बंद त्यांना दुसऱ्याले विचारावं लागते, कॅफेवाले पोट्टे हसतात. म्हणून तू हिरवी पाटी अन् लाल पाटी केली, अन् त्यांना सांगून ठेवलं का अब्बा, पह्यली पाटी भामरागडची, वाचायचं कामच नाई. हिरवं दिसलं तर जा, लाल दिसलं तर जाऊ नका.

हे चांगलं केलं. खरं सांगते. चाचा आता अहेरीले माल आणाले गेले का कॅफेत बसतात. स्वतः बोट ठेवून पाह्यतात. सगळ्यांना सांगतात, "मेरी पोरीनं बनवलं." तिथला मालक म्हणे त्यांच्याकडून पैसेच घेत नाई.

पण रंगासाठी चित्र कायले? अक्षरालेच रंग दे ना! नोटपॅडमध्ये एक शब्द जास्त लिहा लागते, बस. बंद लाल, चालू हिरवं. वाचता येणारा बी वाचेल, न येणारा बी पाहील. उघडाले वेळ लागणार नाई, मोडाले काही राह्यणार नाई. हे तूच मले शिकवलं होतं, वरोऱ्याले, तापात पडली होती तरी उठून शिकवलं होतं. आता तुले ते लिहाची लाज वाटते. संस्थेतले लोक तुझ्या मागून पडदा पाह्यतात, अन् पडद्यावर नुसती अक्षरं असली तर तुले गावंढळ वाटते. हेच आहे ना?

मी काय तुझ्यावर जळत नाई, जोया. हे बी तू लिहिलं, एका ओळीत, गोड करून. आठ दिवस तेच डोक्यात फिरून राह्यलं. जळाचं असतं तर पान दिलंच नसतं.

पासवर्ड नको देऊ. निदान पाटीच्या बाजूले शब्द लिही, अन् खबर किती वाजताची ते लिही. ते बी तू काढून टाकलं आहे. म्हणे डिझाइनमध्ये बसत नाई.

संघप्रिया


आलापल्ली, ४ ऑगस्ट २००२

जोया,

पान पांढरं दिसून राह्यलं.

नीट वाच. गेल्या आठवड्यात तू लाल पाटी बदलली, जुनी फिक्कट वाटली म्हणून. तू स्वतः फोनवर सांगितलं, उठावाची अक्षरं केली म्हणून. ती पाटी तू वर, इंटरनेटवर, पाठवलीच नाई. तुझ्या सॉफ्टवेअरनं पानात तिचा पत्ता लिहून ठेवला आहे, अन् तो पत्ता तुझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरचा आहे. सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स, जोया. मी आत उघडून पाह्यलं, साफ लिहिलं आहे. म्हणून तुले लाल दिसते. तुझ्या मागं उभं राह्यणाऱ्याले लाल दिसते. बाकी साऱ्या दुनियेले तिथी पांढरा चौकोन दिसते, अन् चौकोनाच्या कोपऱ्यात लाल रंगाची बारीकशी फुली. मुंगीएवढी.

हिरवी पाटी बरोबर दिसते, कारण ती जुनी आहे, पह्यल्या दिवशीच वर गेली होती. म्हणजे चालू असलं तर दिसते. बंद असलं तरच दिसत नाई. आता तूच सांग मी काय म्हणू याले.

आजच्या आज दुरुस्त कर. फोनवर मी हे सांगू शकत नाई. का ते विचारू नको.

चाचाचं तुले कळलंच असेल. माळ्यावरून पडले, पाय मोडला, प्लास्टर घातलं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं तुले. त्याच्यात मी पडत नाई.

संघप्रिया


आलापल्ली, २७ ऑगस्ट २००२

जोया,

तुझं कार्ड आलं. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. तुझ्या संस्थेच्या कार्यक्रमात 'रस्ता' या पानाचं सादरीकरण, सादरकर्ती जोया शेख. याच पद्धतीनं आता बाकीच्या जिल्ह्यांचीबी पानं होणार. कार्डाच्या मागं तुझ्या हाताच्या दोन ओळी. "पान तपासलं. इथे नीट दिसतं. तुझ्याच कॉम्प्युटरचा दोष असेल. ये नक्की."

इथे नीट दिसतं.

मी कोणाले शब्द दिला होता. आज तो मोडून राह्यली. मोडाले लावलं तू, अन् तुझ्या या तीन शब्दांनी.

तुझे अब्बा माळ्यावरून नाई पडले.

भामरागडच्या बाजाराच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. सकाळीच लच्छूभाऊनं सांगितलं का पेरमिलीच्या पुढच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पाणी चढलं, बस वापस बोलावली. मी तुले फोन केला. तू म्हटलं, "केलं लाल." तू केलंच होतं, मी खोटं कायले बोलू. तुझ्या टेबलावर ते लाल झालंच होतं.

चाचा अहेरीले बांगड्यांचा माल घ्याले गेले होते. माल घेतला, कॅफेत बसले, पान पाह्यलं, अन् इसरूच्या जीपमध्ये बसून निघाले. जीप माझ्या बूथसमोर थांबली, इसरूले बिडी घ्याची होती. मी चाचाले पाह्यलं अन् धावत गेली.

मी म्हटलं, "चाचा, कुठी निघाले? उतरा. रपट्यावर पाणी आहे, बस वापस आली."

"कब की खबर आहे बेटा?"

"सकाळची."

"मग तुझी खबर शिळी झाली." हसले ते. "मी आत्ता पाहून आलो ना, जोयाच्या पानावर. थोडंसंच लाल आहे. इतकंसं, कोपऱ्यात." अन् त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "पानी जास्त असतं तर पोरीनं पूर्ण लाल केलं असतं. थोडं लाल, मतलब थोडं पानी. चाल रे इसरू."

मले समजलंच नाई ते काय म्हणून राह्यले. इतकंसं लाल म्हणजे काय? मी जीपच्या मागं ओरडली, अब्बा म्हणून ओरडली, तुझ्यासारखी. चाचानं हात हलवला. मंग मी आत येऊन पान लावलं. तुझा ट्रक येऊन राह्यला, येऊन राह्यला, मी टेबलावर मुठी मारून राह्यली. शेवटी चौकोन आला. पांढरा. कोपऱ्यात फुली.

मी पेरमिलीच्या मास्तरले फोन लावला. लाइन मेली होती. बाबाले हाक मारली. माझे बाबा श्रावणभाऊ लाकडाच्या डेपोतून तसेच चिखलाच्या पायानं सायकल घेऊन निघाले. सायकल जीपले पोचते काय?

रपट्यावर पाणी गुडघ्याएवढं होतं. इसरू नाई म्हणून राह्यला होता. चाचानंच म्हटलं, "थोडंच आहे, घाल." मधात गेल्यावर मागचं चाक घसरलं, जीप कलंडली, अन् चाचाचा पाय दाराखाली सापडला. इसरूनं पाण्यात बसून त्यांचं डोकं वर धरून ठेवलं. गावातले लोक दोर घेऊन आले तोवर धरूनच होता. मंग खाटेवर घालून पेरमिलीपर्यंत आणलं. बांगड्या गेल्या. पाय जुळून राह्यला आहे, पण आखूड होणार. डॉक्टरनं सांगितलं, काठीशिवाय आता नाई.

मी दवाखान्यात गेली तेव्हा चाचानं माझा हात धरला. म्हणाले, "संघा बेटा, जोयाले नको सांगू. ती काम सोडून देईल." मी म्हटलं, चाचा, चूक तिच्या पानाची आहे. तर मलेच समजावू लागले. "पान बरोबर होतं बेटा. लाल दिसत होतं ना? मीच अनाडी. थोडं काय अन् जास्त काय, लाल म्हणजे लाल. तिनं तर सांगितलं होतं."

ऐकलं? तो माणूस पाय मोडून खाटेवर पडला आहे अन् स्वतःले अनाडी म्हणून राह्यला, का तर पोरीचं पान चुकूच शकत नाई. अन् ती पोरगी सोनेरी कार्डावर लिहिते, इथे नीट दिसतं!

तुझ्या तिथी नीट दिसून काय करू मी? तिथी कोणाले नदी पार कराची आहे? तुझ्या साहेबाले? पान कोणासाठी आहे, जोया? ज्याच्या टेबलावर बनते त्याच्यासाठी, का ज्याले जीपमध्ये बसाचं आहे त्याच्यासाठी?

मले इतका राग येऊन राह्यला का पेन कागदातून आरपार गेलं. दोनदा कागद बदलला. राग यासाठी नाई का तू ते सॉफ्टवेअर वापरलं. वापर ना, कोणी नाई म्हटलं? लग्नाच्या पत्रिका कर, हॉटेलचं पान कर, ट्रक पळव का विमान उडव. राग यासाठी, का तुले नोटपॅड येत होतं. ज्याले येत नाई त्यानं सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवला तर समजू शकते. तू आत उघडून पाहू शकत होती. मी पत्रात लिहून कळवलं, तरी पाह्यलं नाई. कारण बाहेरून सुंदर दिसत होतं.

आता तूच ठरव. त्या कार्यक्रमाच्या आधी पान साध्या अक्षरात कर, नाई तर पासवर्ड पाठव, मी करते. दोन्ही नाई झालं तर मी नागपूरले येते. हातात काठी देऊन तुझ्या अब्बाले घेऊन येते, अन् तुझ्या त्या मोठ्या पडद्यासमोर उभं करते. मंग सर्वांना दाखव किती नीट दिसते.

संघप्रिया


आलापल्ली, १८ सप्टेंबर २००२

जोया,

तुझं पत्र नाई आलं. येईल असं वाटलंबी नव्हतं.

पान पाह्यलं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच तू बदललं, हे मले अहेरीच्या कॅफेवाल्यानं सांगितलं. तो म्हणे, "ताई, ट्रक कुठी गेला?" मी आत उघडून पाह्यलं. सॉफ्टवेअरचं एक अक्षर नाई. हातानं लिहिलं आहे सगळं. गावाचं नाव, रंगीत शब्द, खबर किती वाजताची. तुझी सवय आहे ना, कंसाच्या आधी एक जागा सोडाची, ती बी दिसली. तुझ्या संस्थेतल्यांनी म्हणे विचारलं का पान असं उघडंबोडकं काऊन केलं. तू काय उत्तर दिलं मले माहीत नाई. खाली तुझं नाव नाई, माझं नाई, संस्थेचं बी नाई. चांगलं केलं.

पण तू दुसरं बी एक केलं. अब्बाले फोन करून रडली. सगळं बोलली, संघानं लिहिलं म्हणून सांगितलं. मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू का सांगाचं नव्हतं.

चाचा माझ्याशी बोलत नाई.

आधी रोज बूथवर येत, काही काम नसलं तरी. बाकावर बसत, बाबासंगं चहा पीत. आता समोरून काठी टेकत जातात अन् मान तिकडं करतात. खुर्शीदाचाची, तुझी अम्मी, भाजी घेताना भेटली. म्हणाली, "तुझ्यावर लय रागावले आहेत बेटा. म्हणतात, मी जबान घेतली होती तिची." माझ्या बाबाले मी इतकं मानत नाई जितकं त्यांना मानते, हे तुले ठाव आहे. मी शब्द मोडला तो त्यांच्याच पोरीले जागं कराले मोडला, पण हे त्यांना कोण सांगेल? तू सांग. मले जमत नाई. हे कर्ज नाई, विनंती बी नाई, तुझ्यावर टाकून राह्यली मी.

आजची गोष्ट सांगाची होती, म्हणून लिहाले बसली.

आज पुन्हा भामरागडच्या बाजाराचा आदला दिवस. काल दिवसभर वरती पाऊस होता. सकाळी मी फोन केला, तू उचलला, मी म्हटलं भामरागड बंद, तू म्हटलं हो. इतकंच बोलली आपण. दहाच्या सुमारास इसरूची जीप येऊन थांबली, नवीन काच लावलेली. आत चाचा. मांडीवर बांगड्यांची पेटी, बाजूले काठी. पाय मोडल्यानंतर पह्यल्यांदा बाजारले निघाले होते.

ते उतरले नाई. माझ्याकडं पाह्यलं बी नाई. इसरूले म्हणाले, "पान लावाले सांग." इसरू दहा पावलांवर उभ्या माझ्याकडं आला अन् मले सांगितलं, का चाचा म्हणतात पान लाव. मी लावलं. फटकन उघडलं. मी तो मोठा मॉनिटर दाराकडं फिरवला, वायर पुरली तितका.

चाचानं जीपमधूनच पाह्यलं. भामरागडसमोरचा पूर्ण शब्द लाल. डोळे बारीक करून पाह्यलं, मंग चष्मा पुसून पाह्यलं. इसरूनं विचारलं, "काय करू?" चाचानं पेटी त्याच्याजवळ दिली, काठी घेतली, अन् उतरून घराकडं चालू लागले. माझ्या दारावरून गेले. तसेच गेले, हळूहळू, पाय ओढत.

मी आत जाऊन रडली. खूप रडली. आई विचारून राह्यली काय झालं, मी म्हटलं काही नाई.

तुझ्यावरचा माझा राग गेला असं समजू नको. गेला नाई. तुझे अब्बा माझ्यावर रागावले आहेत, मी तुझ्यावर रागावली आहे, अन् तू कोणावर रागावशील ते तुझं तू पाह्य. पण पाऊस अजून पंधरा-वीस दिवस आहे. मी उद्या सकाळी सहाले फोन करीन. नद्यांचं सांगीन, दुसरं काही बोलणार नाई, अन् तू बी बोलू नको.

उचलजो.

संघप्रिया